ताटातील स्वातंत्र्य आणि आरोग्य

सन १९०१ मधील एक प्रवास आपल्या वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. साताऱ्यात राहणारा दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले खटाव तालुक्यातील गोरेगावला नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघाली. मसूर स्थानकावर उतरल्यानंतर त्यांची जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्याच्या आशेने एक जण तयार झाला; मात्र गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार, असे ठरले. वाटेत मुलांनी डबा उघडला. जवळच्या डबक्यातील पाणी जनावरांच्या मलमूत्राने घाण झालेले होते. रात्री जकात नाक्यावर पाण्याची याचना केली, तीही व्यर्थ गेली. डब्यात अन्न पुरेसे होते, पोटात भूक होती. पण पाण्यावाचून घास उतरेना आणि लेकरे उपाशी झोपली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा अनुभव नोंदविला आहे.

हा प्रसंग आपण वर्गात पाण्याचा इतिहास म्हणून शिकवितो. तो अन्नाचाही इतिहास आहे, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. माणूस काय खातो, हे केवळ त्याच्या डब्यात काय आहे यावर ठरत नाही. तो कोठे बसू शकतो, कोणाच्या हातचे घेऊ शकतो, त्याच्या खिशात किती आहे आणि त्याला कोणती माहिती आहे, यांवरही ते ठरते. या स्मरणिकेच्या निमित्ताने रोजच्या जेवणाविषयी, बाहेरच्या खाण्याविषयी आणि ‘आरोग्यदायी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांविषयी चार गोष्टी मांडाव्यात, असे वाटले ते याच कारणाने.

भेटीच्या रविवारी

काही वर्षांपूर्वी भेटीच्या रविवारी पालकांनी आणलेल्या पिशव्यांकडे आम्ही कठोर नजरेने पाहत असू. वेफर्सची पाकिटे, क्रीमची बिस्किटे, रंगीत शीतपेयांच्या बाटल्या. एकदा आम्ही हे सारे बंद करण्याची सूचना दिली. त्या वेळी जत भागातून आलेली एक माउली शांतपणे म्हणाली, “सर, आमच्या वाट्याला कधी आलं न्हाई, म्हणून आणतोय.”

त्या वाक्यापुढे आमची सूचना लहान झाली. ज्यांच्या बालपणी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांसाठी कान तुटलेला कप बाहेर कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे, चहा वरून ओतला जाई आणि कप आपणच विसळून परत ठेवावा लागे, त्यांच्या लेखी दुकानातून ताठ मानेने विकत आणलेले पाकीट म्हणजे केवळ खाऊ नसतो. ती प्रतिष्ठा असते. आमच्या वडिलांच्या पिढीने तो कप हाताळला आहे. म्हणून आहाराविषयी आपल्या समाजाशी बोलताना मनाई हा शब्द आम्ही टाळतो आणि निवड हा शब्द वापरतो.

बाहेर खाण्याचा हक्क कसा मिळाला

हॉटेलात बसून चहा पिणे ही आज किरकोळ गोष्ट वाटते. सांगलीपासून जवळच असलेल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले. ‘अस्पृश्या’च्या हातचा चहा प्यावयास कोणी येईना, तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी तेथे थांबवून चहा घेऊ लागले आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागला. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले. निवासी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने हे स्मरणात ठेवावे. कारण एक पंगत ही आपल्या शिक्षणाची पहिली इयत्ता आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला. त्याच परिषदेत मृत जनावरांचे मांस आणि मागून आणलेले उष्टे-शिळे तुकडे सोडण्याचे आवाहनही त्यांनी केले. पाण्याचा हक्क आणि ताटाचा स्वाभिमान अशा रीतीने एकाच मांडवात उच्चारले गेले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी व तलाव यांच्या वापरात भेदभाव निषिद्ध ठरविला, तर अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. १९५५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला.

म्हणून आपला एखादा माजी विद्यार्थी पहिल्या पगारात आईवडिलांना सांगली-मिरज रस्त्यावरील चांगल्या हॉटेलात घेऊन जातो, तेव्हा आम्हाला आनंदच होतो. त्या टेबलावर बसण्याचा हक्क मोठी किंमत मोजून मिळाला आहे. आता प्रश्न इतकाच, की त्या टेबलावर काय मागवावे.

हॉटेलच्या टेबलावर

हॉटेलचा स्वयंपाक चवीसाठी केलेला असतो. चव लवकर यावी म्हणून तेल, मीठ आणि साखर यांचा हात सढळ असतो. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण आणि दाट रस्सा एकाच बैठकीत झाला, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पुनःपुन्हा तापविलेल्या तेलात घातक द्रव्ये वाढतात. म्हणून रस्त्याकडेच्या कढईतील तेल काळपट व चिकट दिसले, तर तेथील वडा टाळणेच शहाणपणाचे.

अर्थात बाहेर जाऊन उपवास करावा, असे आम्ही म्हणत नाही. डाळीची आमटी, एखादी पालेभाजी, कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी, भाकरी किंवा तेल-लोणी न लावलेली चपाती, दही, कांदा-काकडी-टोमॅटो हे जवळपास सर्वत्र मिळते. मांसाहार करावयाचा तर तळलेल्यापेक्षा भाजलेला किंवा रश्श्यातील बरा. तळलेला पदार्थ एकच मागवून चौघांनी वाटून घ्यावा. शीतपेयाऐवजी ताक किंवा लिंबूपाणी घ्यावे. आणि जेवण उरले तर संकोच न करता बांधून मागावे. आपण पैसे देऊन घेतलेल्या अन्नाची लाज कसली?

एक गैरसमज येथेच दूर करावा. आरोग्यदायी म्हणजे सात्त्विक आणि सात्त्विक म्हणजे शाकाहारी, असे समीकरण अनेकदा आपल्यासमोर ठेवले जाते. पोषणशास्त्र जात पाहत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. सुकट-बोंबील गरिबाच्या घरी प्रथिने व कॅल्शियम पोहोचवितात. फक्त त्यांतील मीठ धुऊन काढावे. डाळी, हुलगे, मटकी, शेंगदाणे यांचे मोलही तितकेच. ज्याला जे रुचते आणि परवडते, त्यातून त्याने आपले ताट पूर्ण करावे.

पेल्यात काय आहे

त्या माउलीच्या उत्तरानंतर आम्ही मार्ग बदलला. विज्ञानाच्या तासाला मुलांना बाटल्या आणि पाकिटे वाचावयास दिली. सर्वसाधारण गोड शीतपेयात १०० मिलिलीटरमागे १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलीटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम, सहा चहाचे चमचे भरून. मुलांनी तेवढी साखर पेल्यात मोजून घातली, तेव्हा वर्गात शांतता पसरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत असावी. दोन हजार कॅलरी लागणाऱ्या प्रौढासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. एका बाटलीत तो वाटा संपतो. सभोवती साखर कारखाने असलेल्या आपल्या जिल्ह्यात उसाचा रस आणि गूळ घरचेच वाटतात. तरी शरीर त्यांची गणना साखरेतच करते.

‘आरोग्यपेय’ या शब्दालाही फसू नये. भारताच्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना दूध, धान्य किंवा माल्टवर आधारित पेये या नावाखाली न विकण्याची सूचना दिली. पाकिटावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिल्या तीन नावांत साखर दिसली, तर वरचे चित्र कितीही निरोगी असो, आत मुख्यतः काय आहे ते कळते. माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप ही साखरेच्याच कुळातील नावे.

मग प्यावे काय? विनयपिटकातील महावग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना आठ प्रकारच्या पेयांची अनुज्ञा दिली आहे. त्यांत आंबा, जांभूळ, केळी, फालसा यांच्याबरोबर द्राक्षही आहे, हे तासगाव-मिरजेच्या वाचकांना सुखावेल. मात्र भिक्खू मध्याह्नानंतर भोजन करीत नसत आणि कोसन्‌कोस पायी चालत. बसून काम करणाऱ्या आपण द्राक्षाचा रस पिण्यापेक्षा द्राक्षे चावून खावीत. त्यात तंतुमय भाग राहतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते.

त्याच ग्रंथात यागू, म्हणजे धान्याच्या पातळ पेजेचे दहा लाभ सांगितले आहेत. भूक शमविणे, तहान भागविणे, पचनास साहाय्य करणे हे त्यांपैकी काही. आपल्याकडील आंबील तिचीच नातलग होय. ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ रात्री भिजवून आंबवावे, सकाळी शिजवावे, थंड झाल्यावर ताक, जिरे, लसूण आणि बेताचे मीठ घालावे. पेलाभर आंबील काही रुपयांत होते आणि तिला जाहिरात लागत नाही. हुलग्याचे माडगेही असेच, पावसाळ्यात ऊब देणारे.

भाकरीकडे कोणत्या वाटेने जावे

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. तेव्हापासून ज्वारी, बाजरी, नाचणी यांना मोठ्या हॉटेलांत मानाचे पान मिळाले. त्यांचे गुण खरे आहेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधात सुमारे १२०. ज्वारी-बाजरीत पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट अधिक तंतू असतात. मधुमेहाच्या काळात हे महत्त्वाचे आहे.

परंतु जुने खाणे तेच चांगले, असे कोणी सहजपणे म्हणाले की आम्ही थबकतो. आपल्या आज्यांनी येसकराच्या पाळीची भाकरी दारोदार मागितली आहे. मागून आणलेली शिळी भाकरी आणि स्वतःच्या शेतातील किंवा कमाईची ताजी भाकरी यांत धान्य एकच असले, तरी अन्न एक नसते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यजीवनाची नोंद केली, तेव्हा पाककृतींच्या पुस्तकांतून आपले स्वयंपाकघर किती गैरहजर होते, हे सर्वांना दिसले. त्या स्वयंपाकघरात अभाव होता, तसेच ज्ञानही होते. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू या रानभाज्या ओळखणारी नजर हे ज्ञानच. अभाव मागे टाकावा, ज्ञान सोबत घ्यावे. आज भाकरी आपण निवडून खात आहोत, कोणी वाढली म्हणून नव्हे; हा फरक मुलांना अवश्य सांगावा.

मात्रा जाणणे

संयुत्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे आला. बुद्धांनी त्याला अन्न वर्ज्य करावयास सांगितले नाही. मात्रा जाणून सजगतेने खाणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश वृद्ध होतो, असा आशय त्यांनी सांगितला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करून जेवतेवेळी रोज म्हणावयास लावले. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला, शरीर हलके झाले आणि राजा संतुष्ट झाला. सवय एका दिवसात मोडत नाही आणि कोणीतरी प्रेमाने आठवण देणारे लागते, हे या कथेचे व्यवहारी सार होय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा असावा, असे सुचविले आहे. घरी सुरुवात सोपी आहे. भात थोडा कमी, भाजी थोडी अधिक. जेवणाबरोबर चहा नको, कारण त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. मुलींच्या बाबतीत हे विशेष जपावे. पानात लिंबाची फोड किंवा आवळा असावा, त्याने लोह अधिक शोषले जाते. आणि पाचवे शील तर आपण रोज ग्रहण करतोच. मद्यावरचा खर्च वाचला तर घरात दूध, अंडी, फळे येतात, हा हिशेब कोणत्याही घराला पटावा.

पालकांनो, भेटीच्या रविवारी आता आपल्या पिशव्यांतून शेंगदाण्याचा लाडू, घरचा भडंग, पेरू, उकडलेली अंडी, मूठभर बेदाणे निघतात. क्वचित एखादे पाकीटही असते. आम्ही ते काढून घेत नाही. मूल ते उलटवून मागील बाजू वाचते, एवढे पाहतो. ती माउली पुढच्या भेटीला आली, तेव्हा तिने आंबिलीची बाटली आणली होती आणि सोबत बिस्किटांचा एक पुडाही. दोन्ही मुलांनी वाटून संपविले.

१९०१ साली चार लेकरांच्या डब्यात अन्न असूनही ते खाता आले नाही. आज आपल्या लेकरांच्या हाती डबा आहे, पाणी आहे आणि वाचता येणारी अक्षरेही आहेत. डबा भरताना ही तिन्ही ध्यानी ठेवावीत. जय भीम.