सुकाणूवरच्या हातांचं गणित

‘न्यू मेक्सिको’ ही अमेरिकी नौदलाची युद्धनौका सुमारे १९० मीटर लांब होती. एवढं धूड ठरलेल्या दिशेला धरून ठेवणं सोपं नसतं. सुकाणू वळवलं तरी काही क्षण जहाज ढिम्म राहतं. मग वळू लागतं, आणि एकदा वळू लागलं की सुकाणू सरळ केल्यावरही वळतच जातं. १९२३ साली या नौकेचं सुकाणू माणसाच्या हातून काढून एका यंत्राकडे देऊन पाहण्यात आलं. त्या यंत्रामागचं गणित निकोलस मिनोर्स्की यांनी मांडलं होतं. हेच गणित आज साखर कारखान्यात उसाच्या रसाचं तापमान राखतं, भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या भट्ट्या सांभाळतं आणि ड्रोनला हवेत तोल देतं. प्रपोर्शनल, इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह या तीन क्रियांवरून त्याला ‘पीआयडी’ म्हणतात.

मिनोर्स्की यांचा जन्म १८८५ सालचा, रशियातला. तिथल्या नौदलात काम करून १९१८ साली ते अमेरिकेत आले. १९२२ साली त्यांनी स्वयंचलित सुकाणूवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी सुरुवात कुठून केली ती. सुकाणूवर उभा असलेला मुरलेला खलाशी नेमकं काय करतो, हे त्यांनी आधी पाहिलं.

तो खलाशी होकायंत्राकडे बघून ‘दोन अंश चुकलं, म्हणून इतकं वळव’ एवढाच हिशेब करत नाही. जहाज किती वेगानं वळतंय, यावर त्याचं लक्ष असतं. नाक ठरलेल्या दिशेला यायच्या आधीच तो सुकाणू उलटं फिरवतो, नाहीतर जहाज पलीकडे निघून जाईल. वारा सतत एका बाजूनं रेटत असेल, तर तो सुकाणू थोडं तिरपंच धरून ठेवतो. दिशा अचूक असतानाही तिरपं, कारण मघापासून जहाज एकाच बाजूला सरकत होतं हे त्याच्या ध्यानात असतं. आत्ताची तफावत, साठत आलेली तफावत आणि तफावत बदलण्याचा वेग, असे तीन हिशेब त्याचे हात एकाच वेळी करत असतात. मिनोर्स्की यांनी ते समीकरणात उतरवले.

तिन्ही क्रियांचं काम भट्टीच्या कंट्रोलरवर चांगलं दिसतं. पॅनेलवरच्या या चौकोनी डबीत आकड्यांच्या दोन ओळी असतात. एका ओळीत भट्टीचं खरं तापमान, दुसरीत आपल्याला हवं असलेलं, म्हणजे सेट पॉइंट. समजा सेट पॉइंट २०० अंश आहे आणि तिथे टिकून राहायला हीटरला पूर्ण क्षमतेच्या ४० टक्के वीज लागते. नुसती प्रपोर्शनल क्रिया ठेवली आणि प्रत्येक अंशाच्या तफावतीला ५ टक्के वीज द्यायची असं ठरवलं, तर भट्टी साधारण १९२ अंशांवर येऊन थांबेल. तिथे तफावत ८ अंश, म्हणून वीज ४० टक्के. हिशेब जुळला, भट्टी स्थिर झाली, पण चुकीच्या जागी! ती २०० वर पोचली तर तफावत शून्य होईल आणि वीजही शून्य होईल, म्हणजे ती तिथे टिकूच शकत नाही. प्रतिसाद दुप्पट तीव्र केला, तर ती १९६ च्या आसपास थांबेल. आणखी तीव्र करत गेलं तर तापमान वरखाली झुलू लागतं. कारखान्यात याला ‘हंटिंग’ म्हणतात.

पूर्वी ऑपरेटर ही उरलेली तफावत हातानं नॉब फिरवून काढून टाकत असे. इंटिग्रल क्रिया तेच काम आपोआप करते. ती तफावतीची क्षणाक्षणाला बेरीज करत राहते. ८ अंशांची उणीव जितका वेळ टिकेल तितकी बेरीज वाढते आणि तिच्याबरोबर वीजही वाढते. तफावत शून्य झाल्यावर बेरीज वाढायची थांबते, पण पुसली जात नाही. भट्टी नेमकी २०० अंशांवर आहे, प्रपोर्शनल भाग काहीच देत नाही, आणि तरी हीटरला ४० टक्के वीज मिळते आहे. ती सगळी या साठवणीतून येते. या गणितातली सर्वांत सुंदर जागा मला हीच वाटते.

पण हीच साठवण घातही करते. हीटरचा फ्यूज उडाला आणि कंट्रोलर चालूच राहिला, असं समजा. तापमान वाढत नाही, म्हणून बेरीज फुगत जाते. कंट्रोलर १०० टक्के वीज मागून मोकळा झालेला असतो, प्रत्यक्षात काहीच पोचत नसतं. फ्यूज बदलल्यावर भट्टी तापू लागते, २०० ओलांडते, तरी फुगलेली बेरीज ओसरेपर्यंत हीटर सुरूच राहतो आणि आतला माल जळतो. म्हणून चांगला कंट्रोलर आपलं आउटपुट टोकाला पोचलं की बेरीज करणं थांबवतो. कंट्रोलर विकत घेताना ही सोय आहे का, हे आवर्जून विचारावं.

राहिली डेरिव्हेटिव्ह. तापमान १९६ वर आहे आणि झपाट्यानं चढतंय. पहिल्या दोन क्रिया अजून ‘वीज द्या’ म्हणतात, तर ही म्हणते ‘आवरा’. खलाशाचं उलटं सुकाणू ते हेच. ‘न्यू मेक्सिको’वर पहिल्या दोन क्रियांनिशी जहाज दोन्ही बाजूंना दोन-दोन अंश झुलत होतं. डेरिव्हेटिव्ह जोडल्यावर ते झुलणं एक षष्ठांश अंशावर आलं. बहुतेक खलाशांच्या हातांपेक्षा हे सरस होतं. तरीही नौदलाच्या माणसांचा विरोध झाला आणि नौदलानं ही यंत्रणा स्वीकारली नाही. ज्यांच्या कौशल्यातून हे गणित निघालं, त्यांनाच ते परकं वाटावं याची हळहळ वाटते.

कारखानदारीपर्यंत मिनोर्स्की यांचा निबंध फारसा पोचला नाही. तिथे हवेच्या दाबावर चालणारे कंट्रोलर बनवणारे अमेरिकी तंत्रज्ञ अनुभवानं, वेगळ्या वाटेनं याच तीन क्रियांपाशी आले. मग कोणती क्रिया किती ठेवायची, हा प्रश्न उभा राहिला. १९४२ साली टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीतल्या जॉन झीग्लर आणि नॅथॅनियल निकोल्स यांनी त्याला हाताशी धरता येईल असा नियम दिला. नुसती प्रपोर्शनल क्रिया ठेवा आणि तीव्रता वाढवत न्या. झुलणं वाढतही नाही, विरतही नाही, अशा जागी थांबा. ती तीव्रता आणि एका झोक्याला लागणारा वेळ टिपून घ्या. मग तीव्रता टिपलेल्या तीव्रतेच्या ०.६ पट ठेवायची, इंटिग्रलचा वेळ झोक्याच्या निम्मा आणि डेरिव्हेटिव्हचा एक अष्टमांश. झोका ४ मिनिटांचा असेल तर २ मिनिटं आणि ३० सेकंद. यात प्रत्येक झोका आधीच्या झोक्याच्या पाव इतका उरावा, असा त्यांचा अंदाज होता. आजच्या कामाला हे झुलणंही जास्त होतं, म्हणून अभियंते हे आकडे सुरुवातीला घेतात आणि मग तीव्रता कमी करतात.

प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी डेरिव्हेटिव्ह बंदच ठेवलेली असते. प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा सतत थरथरतो आणि ती थरथर डेरिव्हेटिव्ह कित्येक पटींनी वाढवून व्हॉल्व्हकडे धाडते. तिथे ती बंद असलेलीच बरी. पण तापमानासारख्या संथ, उशिरा प्रतिसाद देणाऱ्या कामात ती कुणी हात लावला नाही म्हणून बंद राहते आणि मग लूप, म्हणजे सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह किंवा हीटर यांची साखळी, दिवसरात्र झुलत असतो.

झुलणारा लूप दिसला की लगेच आकडे बदलायची घाई मात्र नको. कंट्रोलर आधी मॅन्युअलवर टाकावा. तरीही झुलणं थांबलं नाही, तर दोष दुसरीकडून येतोय. थांबलं, तर कंट्रोलर परत ऑटोवर टाकून व्हॉल्व्हकडे जाऊन उभं राहावं. कंट्रोलरचं आउटपुट हळूहळू चढतंय, पण व्हॉल्व्हची दांडी जागची हलत नाही आणि मग एकदम उसळते, असं दिसलं तर ती कुठेतरी अडकते आहे. अशा वेळी ट्यूनिंगचे आकडे कितीही फिरवले तरी फरक पडणार नाही. मेन्टेनन्सच्या माणसाला बोलवून व्हॉल्व्ह खोलायचा.