‘कार्यवाही करण्यात येईल’, पण कोण करणार?

संशोधनासाठी शासकीय मराठी वाचायची असेल तर एक सवय लावून घ्या: वाक्यातलं क्रियापद आधी शोधा. का, ते एका उदाहरणावरून बघू.

जालना जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये इथे उपोषण सुरू केलं. पुढे २६ जानेवारी २०२४ रोजी सरकारने ‘सगेसोयरे’ची व्याख्या असलेली अधिसूचना काढली. दुसऱ्या दिवशी वाशीत उपोषण सुटलं, गुलाल उधळला गेला. पण अधिसूचना मसुद्याची होती. तिच्यावर १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती मागवल्या होत्या. म्हणजे सरकारने नियम ‘प्रसिद्ध केला’ होता, ‘लागू केला’ नव्हता. ‘काढली’ हे ढोबळ क्रियापद दोन्हीकडे चालतं, म्हणून फरक झाकला जातो. १० फेब्रुवारीला अंतरवालीत पुन्हा उपोषण सुरू झालं. मागणी होती अंमलबजावणीची.

आता हे वाक्य बघा (मी रचलेलं आहे, पण ओळखीचं वाटेल):

“प्राप्त अर्जांची छाननी करून प्रमाणपत्र देण्याबाबत उचित कार्यवाही करण्यात येईल.”

कोण करणार? माहीत नाही. प्रमाणपत्र मिळणार? तेही नाही, ‘देण्याबाबत कार्यवाही करणे’ म्हणजे ‘देणे’ नव्हे. खरी क्रिया ‘छाननी’, ‘कार्यवाही’ अशा नामांत अडकली आहे आणि वाक्य ‘करणे’वर ढकललंय. ती मोकळी करू:

“उपविभागीय अधिकारी अर्ज तपासतील. पुरावा पुरेसा असेल तर प्रमाणपत्र देतील. नसेल तर कारण लिहून अर्ज फेटाळतील.”

तपासणे, देणे, फेटाळणे. कर्ता समोर आला, आणि जाब कुणाला विचारायचा तेही कळलं. पुढे पडताळणी समिती ते प्रमाणपत्र ‘वैध ठरवते’. ते वेगळं क्रियापद आणि वेगळा कर्ता, म्हणून वेगळं वाक्य.

एक सावधगिरी मात्र हवी. मूळ मजकुरात ‘देता येईल’ असेल तर सोपं करण्याच्या नादात ‘देतील’ लिहू नका. पहिल्यात अधिकार आहे, दुसऱ्यात बांधिलकी. क्रियापद ठसठशीत झालं, पण कायदाच बदलला, असं व्हायला नको.

आपल्या प्रबंधातही हीच खोड असते. “मुलाखती घेण्यात येऊन विश्लेषण करण्यात आले.” त्याऐवजी लिहा: “मी मुलाखती घेतल्या आणि उत्तरं विषयानुसार लावली.” आज आपल्या मसुद्याचं एक पान घ्या आणि प्रत्येक ‘करण्यात’खाली रेघ मारा. जिथे कर्ता सांगता येत नाही, तिथे बहुतेक वेळा आपल्यालाच नीट कळलेलं नसतं.