पंच्याऐंशी डॉलर आणि दहा मीटर बर्फ

१९३८च्या सुमारास डेव्ह मकॉय नावाच्या एका तरुणाने कॅलिफोर्नियातल्या बँकेकडे ८५ डॉलरचं कर्ज मागितलं. तारण ठेवायला त्याच्याकडे मोटरसायकलशिवाय काही नव्हतं. बँकेने आधी नकारच दिला. तिथे सेक्रेटरी असलेल्या रोमा कॅरिएर हिने त्याच्यासाठी शब्द टाकला, तेव्हा कुठे पैसे मिळाले. पुढे त्या दोघांनी लग्न केलं. त्या काळात मकॉयने सिएरा नेवाडाच्या पूर्व अंगाला, मॅकगी डोंगरावर, फोर्ड मॉडेल ए ट्रकच्या सुट्या भागांतून एक फिरता दोर उभा केला. दोर घट्ट धरायचा, त्याच्याबरोबर ओढलं जात वर जायचं आणि स्कीवरून घसरत खाली यायचं, एवढाच तो व्यवसाय; ८५ डॉलर हवे होते ते याच्याचसाठी.

२००५ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मकॉय यांनी त्याच डोंगररांगेतल्या मॅमथ माउंटनवर उभारलेल्या आपल्या स्की-केंद्राचा कारभार सोडला. स्टारवुड कॅपिटल या गुंतवणूक कंपनीबरोबरच्या त्या सौद्यात कंपनीची किंमत धरली गेली ३६ कोटी ५० लाख डॉलर.

या आकड्याला ८५ ने भागलं तर उत्तर येतं सुमारे ४३ लाख पट. महागाईचा हिशेब केला, तर १९३८चे ८५ डॉलर म्हणजे २००५चे जवळपास १,२०० डॉलर. तरीही तीन लाख पट उरतातच. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर ४३ लाख पट म्हणजे सलग ६७ वर्षं दरसाल २५ टक्क्यांहून जास्त चक्रवाढ.

अर्थात हे ८५ डॉलर एकटेच वाढत गेले नाहीत. वाटेत नवी कर्जं आली, इंट्रावेस्टसारखा बडा भागीदार आला, त्यामुळे सौद्याची सगळी रक्कम काही मकॉय यांच्या खात्यात जमा झाली नाही. मुख्य म्हणजे डोंगर त्यांच्या मालकीचा कधीच नव्हता. ती जमीन इन्यो राष्ट्रीय वनाची, म्हणजे सरकारची. तिच्यावर धंदा करायचा तो परवान्यावर. मग एवढी किंमत आली कशातून? माझ्या मते तिचं मूळ मकॉय यांच्या नोकरीत आहे.

मकॉय लॉस एंजेलिसच्या पाणी व वीज खात्यात जलमापक होते. १९१३ मध्ये सुरू झालेला ३७५ किलोमीटरचा जलवाहक याच पूर्व सिएरातून शहराला पाणी नेतो. हिवाळ्यात डोंगरावर किती बर्फ साठला, त्यावर उन्हाळ्यात शहराच्या नळाला किती पाणी येणार हे ठरतं. म्हणून बर्फ मोजायला माणूस पाठवावा लागे, आणि तो माणूस स्कीवरून जाई. मकॉय यांनी एका दिवसात ८० किलोमीटरपर्यंत मजल मारल्याचं सांगतात.

मोजायची रीत साधी, पण डोकेबाज. खालच्या टोकाला दाते असलेली पोकळ नळी बर्फातून थेट जमिनीपर्यंत खुपसायची, आतल्या बर्फासकट वर काढायची आणि ताणकाट्याला लावायची. नळीचा आतला व्यास १.४८५ इंच. तो असा बेतलेला की आतल्या बर्फाचं वजन जितके औंस, तितके इंच पाणी. बर्फ भुसभुशीत असो की घट्ट, काटा फसत नाही. असं मोजत फिरलेल्या माणसाला कुठल्या उतारावर किती बर्फ पडतो आणि वसंतापर्यंत किती टिकतो, याचा अंदाज आपसूक येत जातो.

मॅमथची उंची ३,३६९ मीटर. सिएराची भिंत इथे थोडी खाली येते, त्यामुळे पॅसिफिकवरून येणारी वादळं या खिंडीतून आत घुसतात. वर्षाला सरासरी ४०० इंच, म्हणजे दहा मीटर बर्फ पडतो. २०२२-२३च्या हंगामात पायथ्याच्या मुख्य लॉजपाशी ७१५ इंच पडला. सहा मजली इमारत झाकली जाईल इतका. स्कीसाठी वापरात असलेलं क्षेत्र ३,५०० एकर. त्यावर दहा मीटर धरला, तर सरासरी वर्षात १४ कोटी घनमीटर ताजा बर्फ होतो. दहा इंच बर्फाचं एक इंच पाणी या ढोबळ हिशेबाने ते अर्धा टीएमसी पाणी भरतं.

ही जागा फार उंच, फार वादळी आणि फार लांब आहे, असं जाणकार म्हणत. लॉस एंजेलिसहून ती पाचशेएक किलोमीटर पडते. १९५३ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसचा परवाना मकॉय यांना मिळाला आणि १९५५ मध्ये पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली. ज्या बर्फाला लोक भीत होते, तोच या जागेचा माल आहे हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे लिफ्ट पंचवीसच्या वर गेल्या आणि चांगल्या हंगामात दहा लाखांहून जास्त स्की-दिवस भरू लागले. एक माणूस एक दिवस स्की करतो, तो एक स्की-दिवस.

हा धंदा दर हिवाळ्याला आभाळाच्या हवाली असतो. १९७६-७७च्या दुष्काळात बर्फच रुसला. मे १९८० मध्ये दोन-तीन दिवसांत ६ रिश्टरच्या आसपासचे चार भूकंप झाले. शेजारीच लाँग व्हॅलीचं प्रचंड ज्वालामुखी विवर आहे; ७ लाख ६० हजार वर्षांपूर्वी त्यातून सुमारे ६०० घनकिलोमीटर शिलारस बाहेर पडला होता. १९८२ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ज्वालामुखीच्या संभाव्य धोक्याची सूचना काढली आणि डोंगराच्या पायथ्याच्या गावातल्या व्यवसायाला जबर फटका बसला. मकॉय डोंगर सोडून गेले नाहीत.

त्यांनी तिथे खेळाडूही घडवले. मुलगी पेनी हिने १९६६च्या जागतिक स्पर्धेत, चिलीतल्या पोर्टिल्यो इथे, स्लॅलममध्ये कांस्यपदक मिळवलं. २०२० मध्ये, १०४ वर्षांचं आयुष्य जगून मकॉय गेले.

४३ लाख पटीचा आकडा डोळे दिपवतो खरा, पण कर्ज कोणालाही मिळू शकतं आणि परवानाही मिळू शकतो. भर हिवाळ्यात डोंगर पायाखाली घालून त्याचा बर्फ वजनाने तोलून पाहण्याची चिकाटी मात्र विकत मिळत नाही. मॅमथची खरी किंमत त्या चिकाटीची आहे, असं मी ठामपणे मानतो.