नरक्याचा रेणू आणि रेणू रचणारं यंत्र

बेळगावहून आंबोलीकडे निघालं की सह्याद्रीच्या रानात नरक्या भेटतो. फुलांना असा उग्र दर्प, की नावातच नरक आला. याच झाडात कॅम्प्टोथेसिन आहे, कर्करोगावरच्या दोन औषधांचा मूळ रेणू. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी 1966 मध्ये अमेरिकेत तो एका चिनी झाडातून वेगळा काढला. वाणी मूळचे नंदुरबारचे. नरक्यातही तोच रेणू असल्याचं 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं.

रेणू हाती आला, औषध नाही. तो पाण्यात विरघळेना. त्याचा सोडियम क्षार दिला, तर रुग्णांना त्याचं विष सोसेना. रेणूच्या कडेला नवा गट जोडायचा, तपासायचा, पुन्हा दुसरा जोडायचा, असं करत टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन घडली. अमेरिकेत दोन्हींना परवानगी मिळाली 1996 मध्ये. तीस वर्षं! हा रेणू पेशीत नेमकं काय अडवतो, हेच 1985 पर्यंत उमगलं नव्हतं. तेव्हा सगळा उशीर प्रयोगशाळेतल्या हातांचा नाही. तरी एकेक नवा रेणू बनवून शुद्ध करण्यात माणसांचे दिवसच्या दिवस जातात.

हे हातकाम यंत्राला सोपवता येतं, हे न्यूयॉर्कचे रसायनशास्त्रज्ञ ब्रूस मेरिफिल्ड यांनी सिद्ध केलं. अमिनो आम्लांच्या साखळीचं टोक राळेच्या बारीक मण्यांना बांधायचं. प्रत्येक जोडणी झाली की मणी धुवायचे. उरलंसुरलं वाहून जातं, साखळी जागेवर राहते. याच रीतीनं, यंत्राच्या मदतीनं, 1969 मध्ये 124 अमिनो आम्लांचं एक विकर रचलं गेलं: 369 अभिक्रिया, 11,931 पायऱ्या. 1984 मध्ये मेरिफिल्ड यांना नोबेल मिळालं.

औषधांचे लहान रेणू असे एका माळेत ओवता येत नाहीत. त्यांच्यासाठी इलिनॉयच्या मार्टिन बर्क यांनी 2015 मध्ये वेगळं यंत्र मांडलं. त्यात बोरॉनचा विशिष्ट गट लावलेले तयार तुकडे जोडतात. एका द्रावकात असा तुकडा सिलिकाला चिकटून बसतो, मळ निघून जातो. दुसरा द्रावक सोडला की तुकडा सुटतो. एकाच यंत्रातून 14 प्रकारचे रेणू निघाले. दुसरी वाट पुण्याची: तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अमोल कुलकर्णी यांनी अरुंद नळ्यांतून अखंड वाहणाऱ्या अभिक्रियांवर काम केलं; 2020 मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

नरक्याची गाठ मात्र अवघड आहे. कॅम्प्टोथेसिनची पाच कडी प्रयोगशाळेत बांधता येतात, पण कारखान्यांना लागणारा माल मुख्यतः झाडांतूनच येतो. त्यासाठी सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली. यंत्राचा वेग या झाडापर्यंत पोचायलाच हवा.