बर्नचे पत्र : चावी विकणाऱ्याकडेच

आमच्या इमारतीच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, काँक्रीटचा जाडजूड दरवाजा आहे. आत हवाई हल्ल्यात लपायची खोली. सध्या तिथे बटाटे, वाइनच्या बाटल्या आणि कुणाचं तरी मोडकं स्कीइंगचं सामान. तटस्थ देश म्हटलं की आपल्याला अहिंसा आठवते. इथल्या पुरुषांना मात्र लष्करी सेवा सक्तीची आहे.

स्वित्झर्लंडची तटस्थता बड्या सत्तांनी १८१५ साली मान्य केली. राज्यघटनेत तिचा उल्लेख आहे, व्याख्या नाही. नियम १९०७ च्या हेग करारातले : लढाईत उतरायचं नाही, आपली भूमी वापरू द्यायची नाही, आणि शस्त्रविक्रीवर बंधन घातलं तर ते दोन्ही बाजूंना सारखंच.

या शेवटच्या अटीने युक्रेन युद्धात पेच केला. जर्मनीने युक्रेनला विमानवेधी ‘गेपार्ड’ रणगाडे दिले. त्यांचा ३५ मिमीचा काही दारूगोळा स्विस बनावटीचा, आणि तो ‘विचारल्याशिवाय पुढे देणार नाही’ असं जर्मनीने खरेदीच्या वेळी लिहून दिलेलं. २०२२ मध्ये बर्लिनने विचारलं, बर्नने नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. माल तुमचा, पैसे चुकते, पण चावी विकणाऱ्याकडेच!

गंमत अशी की याच सरकारने आक्रमणानंतर चारच दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, युरोपीय संघाचे रशियावरचे निर्बंध स्वीकारले होते. हेगचे नियम लष्करी मदतीचे, पैशाअडक्याचे नव्हेत, हा युक्तिवाद. मला तो वकिली वाटतो. मॉस्कोला तर मुळीच पटला नाही. रशियात युक्रेनचे हितसंबंध सांभाळायची स्विस तयारी त्यांनी ऑगस्टमध्ये धुडकावली : तुम्ही आता तटस्थ कुठे राहिलात? एकाचा राग गोळ्या दिल्या नाहीत म्हणून, दुसऱ्याचा खाती गोठवली म्हणून.

या मध्यस्थीचं मोल आपल्याला ठाऊक असायला हवं. १९७१ च्या युद्धात भारत-पाकिस्तानचे राजनैतिक संबंध तुटले, तेव्हा १९७६ पर्यंत दोघांचं काम स्विस वकिलातींनीच पाहिलं. अर्थात हिटलरच्या राइश्सबँकेकडून लुटीचं सोनं विकत घेणारी बँकही इथलीच, मध्यवर्ती.

आता तटस्थता ‘कायमची आणि सशस्त्र’ असं घटनेत लिहावं, युद्धखोर देशांवर संयुक्त राष्ट्रांखेरीज कुणाचेही निर्बंध लावू नयेत, यासाठी सार्वमताची मागणी सह्यांनिशी दाखल झाली आहे. आमच्या मजल्यावरच्या आजोबांनी सही केली, त्यांच्या लेकीने नाही. रविवारी ती जेवायला येते. तेवढा वेळ हा विषय बंद असतो.