न मागता पुढ्यात येते ते

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ च्या मे महिन्यात आपल्याशी संलग्न शाळांतून साखरेचे फलक लावण्याचे फर्मान काढले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात युनिसेफने शालेय व किशोरवयीन मुलांतील स्थूलांचे जागतिक प्रमाण कमी वजनाच्या मुलांहून प्रथमच वर गेल्याचे जाहीर केले, या दोन्ही वार्ता वाचकांच्या नजरेखालून गेल्याच असतील. शहरी वृत्तपत्रांतून त्यांवर चर्चाही पुष्कळ झाली. परंतु गव्हाणीत पहिली मोळी पडली की ज्या मुलखातील घरोघरचा वर्षाचा हिशेब नव्याने सुरू होतो, त्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या दृष्टीने या वार्तांचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. तो येथे विचारावयाचा आहे, आणि तोही एका मर्यादित बाबीपुरता: फास्ट फूडच्या दुकानात मुलांसाठी म्हणून जे ताट मांडले जाते, त्यात काय असावे आणि ते कोणी ठरवावे.

मंडळाच्या परिपत्रकाप्रमाणे ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या दैनिक ऊर्जेपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांच्या ऊर्जेपैकी १५ टक्के साखरेतून येते. ते प्रमाण ५ टक्क्यांवर जाऊ नये. पण या मुलखाचे साखरेशी नाते केवळ खाण्यापुरते नाही. नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील दुष्काळी जमिनीला पाणी दिले, वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कारखाना उभारून एक गावच वसविले, आणि पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांनी साखरेवरच शाळा, रस्ते आणि दवाखाने उभे केले. साखरेने येथील मुलांना शिक्षण दिले, हे निर्विवाद सत्य आहे, आणि त्या साखरेची निंदा करण्याचा या लेखाचा हेतू नाही. मात्र शेतात पिकणारा आणि पोटात जाणारा पदार्थ एकच असला, तरी त्याच्या मापाचा विचार दोन्ही ठिकाणी निरनिराळ्या नियमांनी करावा लागतो.

साखरेहूनही अधिक लक्षणीय गोष्ट दुधाची आहे. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्सची उपाहारगृहे भारतात प्रथम उघडली, तेव्हा त्यांच्या बर्गरमध्ये घालावयाचे चीज पुरविण्याचे काम बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील डायनामिक्स डेअरीकडे आले, आणि त्यासाठी परिसरातील गावोगाव दूध-संकलनाची केंद्रे उभी राहून तेथे दूध थंड ठेवणारे बल्क कूलर बसविण्यात आले. सकाळ-संध्याकाळची धार काढून कॅन सायकलीला अडकवून केंद्रावर जाणाऱ्या शेतकऱ्याला, आपले दूध पुढे मुंबईतील एखाद्या मुलाच्या बर्गरमध्ये पिवळी चकती होऊन बसते, याची कल्पना असेल अथवा नसेल; पण व्यवहार तसा झाला खरा. पुढे श्रायबर या अमेरिकी कंपनीची भागीदारी त्या डेअरीत आली. याच वसाहतीत २०११ पासून फेरेरो या इटालियन कंपनीचा कारखाना चालतो, आणि अंड्याच्या आकाराच्या डबीत अर्धी मिठाई व अर्धे खेळणे असलेले किंडर जॉय तेथे तयार होते. साखर, चीज आणि खेळणे ही तिन्ही फास्ट फूडच्या बालताटाची प्रमुख अंगे. तिन्हींशी एवढा निकटचा संबंध असलेला दुसरा तालुका महाराष्ट्रात मला ठाऊक नाही.

खेळण्याच्या बाबतीत परदेशांनी जी पावले उचलली, त्यांपैकी दोनच सांगतो. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० साली ठराव करून पोषणाच्या ठराविक अटी न पाळणाऱ्या बालभोजनाबरोबर खेळणे फुकट देण्यास मनाई केली, तेव्हा मॅकडोनाल्ड्सने खेळण्याची १० सेंट किंमत लावून त्या ठरावाला वळसा घातला. चिली देशाने २०१६ पासून अंमलात आणलेला कायदा अधिक कडक होता; साखर, मीठ अथवा स्निग्धांश मर्यादेबाहेर असलेल्या पदार्थासोबत खेळणे देताच येणार नाही, असा दंडक त्याने घातला, आणि खेळण्याचे चॉकलेटी अंडे तेथील दुकानांतून नाहीसे झाले. मला चिलीचा मार्ग योग्य वाटतो. चार वर्षांच्या मुलाची निवड जिभेने होण्यापूर्वीच खेळण्याने करून टाकणे हा व्यापाराचा न्याय्य प्रकार नव्हे, आणि बारामतीत ते खेळणे भरले जाते म्हणून हे मत बदलण्याचे कारण नाही.

१९७९ पासून चालत आलेल्या मॅकडोनाल्ड्सच्या हॅपी मील या बालभोजनाची अमेरिकेत पुढे बरीच दुरुस्ती झाली. २०११ मध्ये त्यातील बटाट्याच्या तळलेल्या कांड्या कमी होऊन सफरचंदाच्या फोडी आल्या. दोन वर्षांनी मुलांच्या यादीवरून शीतपेयाचे नाव काढण्याचे वचन कंपनीने दिले. आणि २०१८ मध्ये ६०० कॅलरी, ६५० मिलिग्रॅम सोडियम, तसेच वरून घातलेल्या साखरेतून व संपृक्त स्निग्धांशातून प्रत्येकी १० टक्क्यांपर्यंत ऊर्जा, अशी मर्यादा तिने स्वतःहून स्वीकारली. या दुरुस्त्यांकडे संशयाने पाहणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा संशय निराधार नाही, कारण स्वतः घालून घेतलेली मर्यादा स्वतःच सैल करता येते. तथापि या सर्व प्रयोगांतून एक गोष्ट निःसंशय सिद्ध झाली आहे, आणि तिचे सर्वांत स्वच्छ प्रमाण डिस्नेच्या फ्लॉरिडातील उद्यानांत मिळते. २००६ पासून तेथील उपाहारगृहांनी मुलांच्या जेवणासोबत, वेगळे मागितले नाही तर, तळलेल्या बटाट्याऐवजी फळ वा भाजी आणि शीतपेयाऐवजी दूध, पाणी किंवा फळांचा रस देण्यास आरंभ केला. बटाटे आणि शीतपेय कोणालाही मागून घेता येत होते, बंदी कसलीच नव्हती. जॉन पीटर्स आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी या विक्रीचा तपशील तपासला, तेव्हा फळभाजीचा जोड सुमारे निम्म्या ग्राहकांनी आणि पेय सुमारे दोन तृतीयांश ग्राहकांनी जसाच्या तसा स्वीकारल्याचे आढळले. सहलीच्या आनंदात असलेले आईबाप आणि हट्टाला पेटलेली मुले, अशा ठिकाणी हे घडले, हे विशेष. न मागता जे पुढ्यात येते, तेच पुष्कळ जण खातात. मुलांच्या आहाराची सारी लढाई या एका साध्या निरीक्षणावर लढता येईल, असे माझे मत झाले आहे.

आपल्याकडील कायद्याची स्थिती काय आहे? ज्या उपाहारगृहांच्या १० अथवा अधिक ठिकाणी शाखा आहेत, त्यांनी प्रत्येक पदार्थासमोर त्याच्या कॅलरी लिहाव्यात, असा नियम जुलै २०२२ पासून लागू आहे, आणि त्यासोबत प्रौढ व्यक्तीस दिवसाला २,००० कॅलरी लागतात असे वाक्यही लिहावे लागते. परंतु राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या कोष्टकाप्रमाणे ४ ते ६ वर्षांच्या मुलाची गरज १,३६० कॅलरींची आहे, आणि ज्या फलकाखाली ते मूल उभे राहते, त्या फलकावर त्याच्यासाठी एक अक्षरही नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत अति स्निग्ध, अति गोड व अति खारट पदार्थांच्या विक्रीस मनाई करणारे २०२० चे विनियम आहेत. तथापि ५० मीटर म्हणजे मधल्या सुट्टीत धावणाऱ्या मुलाची दोन श्वासांची वाट. २०२३ च्या अखेरीस अहमदनगरच्या एका मॅकडोनाल्ड्समध्ये चीजऐवजी चीजसदृश पदार्थ वापरल्याच्या आक्षेपावरून अन्न व औषध प्रशासनाने परवाना निलंबित केला, आणि कंपनीने पुढे आपले चीज अस्सल असल्याचे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मान्य केल्याचे जाहीर केले. त्या प्रकरणाचा निवाडा मी येथे करीत नाही. अन्न अस्सल आहे काय, हे विचारणारी यंत्रणा आपल्यापाशी जागी आहे. ते मुलाच्या वयाला किती असावे, हे विचारणारी यंत्रणा मात्र नाही, एवढेच त्यावरून दिसते.

आणि तरीही असे माप आपल्या सरकारने एके ठिकाणी घालून दिलेले आहेच, तेही फार बारकाईने. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी शिजणारी खिचडी पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने देईल, असा दंडक आहे. त्यासाठी लहान मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, एवढा तपशील दप्तरी नोंदलेला असतो. अत्यल्प मानधनावर राबणाऱ्या स्वयंपाकी बाईंनी डाळीचे माप चुकविले, तर मुख्याध्यापकांकडून कैफियत मागविली जाते. त्याच गावातून सायंकाळी भिगवण रस्त्यावरच्या झगमगत्या दुकानात वाढदिवसासाठी गेलेल्या मुलाच्या ताटाला मात्र ना डाळीचे माप आहे, ना मिठाचे, ना साखरेचे. गरिबाच्या मुलासाठी शासन पोषणाचा हिशेब ठेवते आणि पैसे देऊन खाणाऱ्याच्या मुलाला बाजाराच्या स्वाधीन करते, ही विसंगती मला असह्य वाटते. दोन्ही मुले आज एकाच घरातली असू शकतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी आणि ४.१ टक्के मुले अतिवजनाची नोंदविली, आणि त्यापूर्वीच्या पाहणीत हा दुसरा आकडा १.९ होता.

मुलांच्या ताटात नेमके काय असावे, हे ठरविताना डॉ. कमला सोहोनी यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनीने १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली, ही गोष्ट शालेय पुस्तकांतून सांगितली जाते. पण त्यांच्या आयुष्याचा जो भाग आपल्या विषयाशी निगडित आहे, तो मुंबईच्या विज्ञान संस्थेतील आहे. ताडवर्गीय झाडांपासून मिळणाऱ्या नीरा या पेयात जीवनसत्त्वे आणि लोह आहे, आणि कुपोषित आदिवासी किशोरांच्या व गर्भवती स्त्रियांच्या आहारात ते घातले असता त्यांची प्रकृती सुधारते, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. आरे येथील दुग्धप्रकल्पाला त्यांनी सल्ला दिला. आणि उतारवयात ग्राहकांच्या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारून अन्नातील भेसळीविषयी सामान्य गृहिणींसाठी लेखन केले. परदेशी विद्यापीठाची सर्वोच्च पदवी घेऊन आलेल्या या विदुषीने पोषणाचे उत्तर शोधताना नजर टाकली ती गावाच्या बांधावरच्या झाडाकडे, याचे महत्त्व आजही ओसरलेले नाही. त्यांची पद्धत सरळ होती: जे जवळ पिकते ते तपासा, जे उपयुक्त ठरेल ते ज्याला गरज आहे त्याच्या हाती द्या, आणि परिणाम मोजा. सफरचंदाच्या फोडी अमेरिकेत शोभल्या. येथे त्यांची नक्कल करण्याचे प्रयोजन नाही.

कारण इंदापूरचे पेरू आणि डाळिंबे पुण्या-मुंबईच्या बाजारांत जातात, सुप्याकडील जिरायत पट्ट्यात ज्वारी-बाजरी पिकते, आणि दूध तर दोन्ही तालुक्यांत गल्लोगल्ली आहे. मॅकडोनाल्ड्सच्या पश्चिम व दक्षिण भारतातील शाखांनी २०२४ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या साहाय्याने ज्वारी, बाजरी, नाचणी आदी धान्यांचा पाव आणला, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले. शीतपेयाच्या जागी मात्र दूध वा ताक आपोआप आले नाही. खर्चाची सबब येथे टिकत नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे ३० रुपये दर आणि त्यावर ५ रुपये अनुदान ठरविले. त्या हिशेबाने २०० मिलिलिटरच्या पेल्यातील दुधाचे उत्पादकाला तेव्हा ७ रुपये मिळत. मूल शीतपेयच मागेल, असे दुकानदार म्हणतील, त्यांना फ्लॉरिडाचा दाखला पुरेसा आहे. मागणाऱ्याला ते द्यावे, न मागणाऱ्याच्या पुढ्यात ठेवू नये.

केंद्राचा कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्याची आवश्यकता नाही. राज्य परिवहन महामंडळ आपल्या अधिकृत थांब्यांवरील हॉटेलांना प्रवाशांसाठी ३० रुपयांत चहा-नाश्ता देण्याची अट घालते, आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर ती अट घालणे शक्य झाले, तर मुलांच्या ताटाबाबत तशीच अट का घालता येऊ नये? एसटी स्थानकातील उपाहारगृहांच्या निविदांत, तसेच बारामती आणि इंदापूर नगरपरिषदांच्या मालकीच्या गाळ्यांच्या भाडेपट्ट्यांत, पुढील तजवीज जोडता येईल, आणि तिला ना नवा कायदा लागतो, ना नवा निधी:

“बारा वर्षांखालील मुलांकरिता म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक भोजनासोबत, ग्राहकाने अन्य पेयाची मागणी केली नसल्यास, साखरविरहित दूध, ताक अथवा पिण्याचे पाणी द्यावे, जोडपदार्थ म्हणून हंगामी स्थानिक फळ अथवा मोड आलेले कडधान्य द्यावे, अशा भोजनातील एकूण ऊर्जा, मीठ व साखर यांचे प्रमाण मराठीत, मुलाच्या वयोगटाच्या गरजेसह, दर्शनी जागी लिहावे, आणि शालेय पोषण आहाराच्या तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने मागणी करताच त्या प्रमाणाचा हिशेब हजर करावा.”