अंतराळयानाला बाहेरून काय लावावे?



अंतराळयान वर कसे जाते ते आपण शिकलो. पण खाली येताना ते जळून का जात नाही? मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "तूच सांग, त्याला बाहेरून काय लावशील?" मी म्हणाले, "जाड लोखंड." सगळा वर्ग म्हणाला, "बरोबर!" पण ते चूक होते.

यान पृथ्वीभोवती सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने फिरते. म्हणजे साताऱ्याहून निघाले की पाव मिनिटात सांगली! एवढ्या वेगाने खाली येताना पुढच्या हवेला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते आणि तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड तापते ना, तसेच. पण यानापुढची हवा इतकी तापते, की तिच्यात लोखंडाचेही पाणी होईल. लोखंड १५३८ अंशांना वितळते. शिवाय ते जड. आणि आच लगेच आत पोचवते. चुलीवरचा तवा फडक्याशिवाय धरता येतो का?

म्हणून वस्तू निवडताना तीन गोष्टी बघतात. ती हलकी हवी, आच आत सोडणारी नको आणि फुटून पडणारी नको.

अशा वस्तू दोन प्रकारच्या असतात. पहिली आच अडवणारी. वाळूत सिलिका असते. तिच्या बारीक धाग्यांच्या फरश्या करतात. त्यांत पोकळी फार, म्हणून त्या हलक्या असतात आणि आच आत जात नाही.

दुसरी स्वतः जळणारी. हे मला कळेना. मग आजीने आरात कणीस घातले. मी पाला सोलायला लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. पाला जळतुया म्हणून दाणं वाचत्यात." तसेच कार्बन फिनॉलिक नावाच्या वस्तूचे होते. तिचा वरचा थर जळून कोळसा होतो. त्यातून निघणारा वायू आच बाहेर घेऊन जातो.

भारताने १० जानेवारी २००७ रोजी श्रीहरिकोट्याहून ५५० किलोची एक कुपी अंतराळात पाठवली. तिच्या नाकाला कार्बन फिनॉलिक होते, कारण तिथे आच सर्वांत जास्त. बाकी अंगाला सिलिकाच्या फरश्या होत्या. २२ जानेवारीला ती बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली.

पण एकदा फार वाईट झाले. २००३ साली अमेरिकेचे कोलंबिया यान उडताना टाकीवरच्या फोमचा तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आपटला. पंखाच्या कडेला कार्बनचे कवच होते. त्याला भोक पडले. १ फेब्रुवारीला परत येताना तापलेली हवा त्यातून आत शिरली आणि यान तुटले. आपल्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सोबती गेले. हे ऐकून वर्गात कोणीच बोलले नाही.

म्हणून वस्तू चांगली निवडून भागत नाही. ती शेवटपर्यंत शाबूत आहे का, तेही बघावे लागते.

आता घरी कणीस भाजाल तेव्हा एक पाल्यासकट भाजा, एक सोलून. मग दोन्हींचे दाणे बघा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी